एस७-१२०० मध्ये सेटपॉइंट टाकला की काउंट शून्य होतो; एम मेमरीचे अ‍ॅड्रेस नेमके कसे मोजायचे?

नवा_लॅडर

नमस्कार मंडळी. आतापर्यंत मित्सुबिशी एफएक्स३यू पीएलसीवर (मशीन चालवणारा कंट्रोलर) काम केलं आहे, सीमेन्स पहिल्यांदाच हातात आला आहे. एस७-१२०० चा सीपीयू १२१४सी, टीआयए पोर्टल (प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर), सोबत केटीपी७०० बेसिक एचएमआय (ऑपरेटरचा टचस्क्रीन). मशीन साधं आहे: फीडर कन्व्हेअर, सेन्सरवर पीस मोजायचे, ठरलेला आकडा झाला की कन्व्हेअर थांबवायचा.

एम मेमरीत टॅग (नाव दिलेल्या जागा) असे घेतले आहेत; इंट म्हणजे १६ बिटचा पूर्णांक, बूल म्हणजे एक बिट:

बॅच_काउंट: एमडब्ल्यू१० (इंट)
बॅच_सेटपॉइंट: एमडब्ल्यू११ (इंट)
फीडर_मॅन्युअल: एम१२.४ (बूल)
सायकल_टोटल: एमडब्ल्यू० (इंट)

होतंय असं:

१) एचएमआयवरून सेटपॉइंट ५० टाकला की काउंट शून्य होतो. मग पहिला पीस गेला की सेटपॉइंट आपोआप ३०६ दिसतो, दुसऱ्याला ५६२.
२) सेटपॉइंट ५० टाकल्याबरोबर फीडर सुरू होतो, मॅन्युअलचं बटण कुणी दाबलेलंच नसतं.
३) सायकल_टोटलमध्ये सतत काहीतरी फडफडतं, मोठमोठे आकडे येतात.
४) पॉवर गेली की सगळं शून्य.

प्रोग्राम कंपाइल होतो, एकही एरर नाही. एफएक्स मध्ये डी१० आणि डी११ शेजारी-शेजारी घेऊन कधी त्रास झाला नाही. इथे काय वेगळं आहे?

---

स्कॅन_टाइम

तुमची पहिली दोन लक्षणं एकाच कारणाची आहेत, आणि तुम्ही आकडे दिलेत म्हणून लगेच सिद्धही करता येतं.

मित्सुबिशीत डी१० म्हणजे दहाव्या नंबरचं १६ बिटचं रजिस्टर, डी११ म्हणजे त्याच्या पुढचं. तिथे नंबर रजिस्टरची मोजणी करतो. सीमेन्समध्ये नंबर नेहमी बाइटचा असतो, मग पुढे बी (बाइट) असो, डब्ल्यू (वर्ड, दोन बाइट) असो की डी (डबल वर्ड, चार बाइट). एमडब्ल्यू१० म्हणजे "दहावा वर्ड" नव्हे. "बाइट १० पासून सुरू होणारा वर्ड", म्हणजे एमबी१० आणि एमबी११. एमडब्ल्यू११ म्हणजे एमबी११ आणि एमबी१२. एमबी११ दोघांच्यात सामाईक झाला.

आता दुसरी गोष्ट. सीमेन्समध्ये वर्डचा वरचा बाइट लहान नंबरावर बसतो. म्हणजे एमडब्ल्यू१० चा वरचा बाइट एमबी१०, खालचा एमबी११. एमडब्ल्यू११ चा वरचा बाइट एमबी११, खालचा एमबी१२. तुमचेच आकडे लावून बघा:

सेटपॉइंट ५० लिहिला: एमबी११ = ०, एमबी१२ = ५०. एमबी११ हा काउंटचा खालचा बाइट, तो पुसला गेला. काउंट शून्य.

एक पीस गेला, काउंट १ झाला: एमबी११ = १. सेटपॉइंटच्या दृष्टीने हा वरचा बाइट, म्हणजे १ × २५६. २५६ + ५० = ३०६. दुसऱ्या पीसला ५१२ + ५० = ५६२. तुम्ही लिहिलेत तेच.

फीडरचं कोडंही इथेच सुटतं. ५० चं बायनरी ००११००१०. बिट उजवीकडून शून्यापासून मोजा: १, ४ आणि ५ हे बिट १ आहेत. म्हणजे एमबी१२ मध्ये ५० बसला की एम१२.१, एम१२.४ आणि एम१२.५ ऑन. तुमचा फीडर_मॅन्युअल एम१२.४ वर आहे. सेटपॉइंट ४० टाकलात तर (००१०१०००, बिट ३ आणि ५) फीडर चालणार नाही, ४८ टाकलात तर परत चालेल. ऑपरेटरला हे भुताटकीसारखं वाटतं आणि मग लोक सेन्सर, रिले, वायरिंग बदलत बसतात.

कंपायलर ओरडत नाही, कारण त्याच्या लेखी हे चूक नाहीच. एका वर्डचे बिट वेगळ्या नावाने वाचायला लोक मुद्दाम असे अ‍ॅड्रेस घेतात.

एम वापरायचाच असेल तर वर्ड सम अ‍ॅड्रेसवर (१०, १२, १४), डबल वर्ड आणि रिअल (दशांशाचा आकडा, ३२ बिट) चारच्या पटीत (२०, २४, २८), आणि बिटसाठी वेगळे बाइट राखून ठेवा. एमडी२० म्हणजे एमबी२० ते एमबी२३. त्यातला एमडब्ल्यू२० वरचा वर्ड, एमडब्ल्यू२२ खालचा. रिअलवर इंट चढला तर जास्त फसवं असतं. एमडी२० मध्ये रिअल आणि चुकून एमडब्ल्यू२२ मध्ये इंट असेल तर रिअलच्या शेवटच्या दशांशात किंचित हालचाल दिसते, आणि माणूस म्हणतो "सेन्सरला नॉइज आहे".

---

पॅनल_ते_प्रोग्राम

तिसरं लक्षण: डिव्हाइस कॉन्फिगरेशनमध्ये सीपीयूच्या प्रॉपर्टीज उघडा, "सिस्टम अँड क्लॉक मेमरी" बघा. तिथे टिक असणार. डीफॉल्ट क्लॉक मेमरी एमबी० वर आणि सिस्टम मेमरी एमबी१ वर येते, आणि तुमचा सायकल_टोटल बरोबर त्या दोन बाइटवर बसलाय.

एमबी० चे आठ बिट वेगवेगळ्या वेगाने झपकतात: एम०.० १० हर्ट्झ, एम०.१ ५, एम०.२ २.५, एम०.३ २, एम०.४ १.२५, एम०.५ १ हर्ट्झ, एम०.६ ०.६२५, एम०.७ ०.५ हर्ट्झ. एमडब्ल्यू० मध्ये हा वरचा बाइट, म्हणून आकडा हजारोंनी उडतो. एम०.७ ऑन असताना इंट उणे दिसेल, कारण तो साइन बिट (अधिक-उणे ठरवणारा). एमबी१ मध्ये एम१.० फर्स्ट स्कॅन, एम१.२ कायम ऑन, एम१.३ कायम ऑफ.

एफएक्सशी जुळवून सांगायचं तर एम८००० (रनमध्ये कायम ऑन), एम८००२ (पहिला स्कॅन), एम८०१३ (१ सेकंदाचा क्लॉक) यांचं काम इथे हे बाइट करतात. फरक एवढाच की एफएक्सला ते ८००० च्या पुढे, वाटेतून दूर आहेत, आणि इथे थेट दारातच. मी हे दोन्ही बाइट दूर, एमबी१००० आणि एमबी१००१ वर, हलवतो. १२१४सी ला एम मेमरी ८१९२ बाइट आहे, जागेची चणचण नाही. १२११सी आणि १२१२सी ला ४०९६.

हे बदलल्यावर हार्डवेअर कॉन्फिगरेशन डाउनलोड करा, नुसतं सॉफ्टवेअर नको. नाहीतर प्रोग्राम नव्या अ‍ॅड्रेसवर क्लॉक शोधेल आणि सीपीयू जुन्याच ठिकाणी झपकवत राहील.

सगळे ओव्हरलॅप एकदम बघायचे तर प्रोग्राम इन्फो मधली असाइनमेंट लिस्ट उघडा. बाइटगणिक ओळ असते, कुठला बिट बिट म्हणून वापरलाय आणि कुठला बाइट वर्डचा भाग म्हणून, हे एका नजरेत कळतं. क्रॉस रेफरन्समध्ये ओव्हरलॅपिंग अ‍ॅक्सेस दाखवायचा पर्याय आहे, तोही चालू करा.

---

शिडीचे_पायरे

वरचं सगळं बरोबर, पण माझं मत थोडं कडक आहे: नव्या एस७-१२०० प्रोजेक्टमध्ये डेटासाठी एम वापरूच नका. क्लॉक आणि सिस्टम बाइट सोडून एम रिकामा राहू द्या. काउंट, सेटपॉइंट, रेसिपी, मोडचे बिट सगळं डेटा ब्लॉकमध्ये (डीबी).

नवा ग्लोबल डीबी बनवा, समजा "बॅच". त्यात काउंट (डीइंट, म्हणजे ३२ बिटचा इंट), सेटपॉइंट (डीइंट), टोटल (डीइंट), फीडर_मॅन्युअल (बूल). डीबी डीफॉल्टने ऑप्टिमाइज्ड असतो, म्हणजे कुठला टॅग कुठल्या बाइटवर बसवायचा हे सीपीयू स्वतः बघून घेतो. तुम्हाला अ‍ॅड्रेस दिसतच नाही. दिसत नाही म्हणून चुकतही नाही. इंटऐवजी डीइंट अशासाठी की इंट ३२७६७ ला संपतो आणि पुढच्या पीसला −३२७६८ होतो. टोटल काउंटवर हे हमखास घडतं, फक्त कमिशनिंगला कुणी तेवढे पीस चालवत नाही म्हणून उशिरा कळतं.

चौथा प्रश्न, पॉवर गेल्यावर शून्य. एफएक्स३यू मध्ये डी२०० च्या पुढची रजिस्टरं आणि एम५०० च्या पुढचे बिट मुळातच लॅच असतात (पॉवर गेली तरी किंमत टिकते), त्यामुळे त्या बाजूच्या लोकांना वेगळं काही करायची सवय नसते. इथे काहीही आपोआप टिकत नाही, सांगावं लागतं. सांगायच्या दोन जागा आहेत.

एम साठी: पीएलसी टॅग टेबलच्या वर रिटेनचं बटण आहे. तिथे फक्त बाइटची संख्या देता येते आणि मोजणी नेहमी एमबी० पासूनच. एमबी२०० ते २१० टिकवायचे असतील तर ० ते २१० सगळे टिकवावे लागतात, मधले नको असलेले बिटही. पॉवर आल्यावर एखादा "रन" बिट जसाच्या तसा ऑन उठला की हे आठवतं. मधूनच एखादा तुकडा निवडता येत नाही.

डीबी साठी: ऑप्टिमाइज्ड असेल तर प्रत्येक टॅगसमोर रिटेनचा चौकोन. काउंट, सेटपॉइंट, टोटल यांना टिक, फीडर_मॅन्युअलला नाही. ऑप्टिमाइज्ड नसेल तर अख्खा ब्लॉक टिकतो किंवा अख्खा टिकत नाही.

इथे एक खड्डा आहे. डीबीत नंतर एखादा टॅग वाढवलात किंवा टाइप बदललात की डाउनलोडच्या वेळी तो ब्लॉक रीइनिशियलाइज करायला विचारतो. "हो" म्हटलंत की रिटेन असूनही सगळ्या किमती स्टार्ट व्हॅल्यूवर येतात. चालू मशीनवर असं करायच्या आधी डीबी ऑनलाइन उघडून स्नॅपशॉट घ्या आणि तो स्टार्ट व्हॅल्यूमध्ये कॉपी करा, मग डाउनलोड.

एचएमआयचे टॅग सिम्बॉलिक जोडलेले असतील तर केटीपी पुन्हा कंपाइल करून त्यातही डाउनलोड करायला विसरू नका. अ‍ॅबसोल्यूट जोडलेले असतील तर तो खुशाल जुन्या एमडब्ल्यू११ वरच लिहीत राहील.

---

स्कॅन_टाइम

"एम वापरूच नका" याला माझी अर्धीच सहमती. प्लांटमध्ये जुनं स्काडा (संगणकावरून मशीनवर देखरेख करायचं सॉफ्टवेअर) किंवा दुसऱ्या कंपनीचं एचएमआय असतं, त्याला नाव कळत नाही, डीबी नंबर आणि ऑफसेटच लागतो. ऑप्टिमाइज्ड डीबी त्याला दिसतच नाही. तिथे डीबीच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑप्टिमाइज्डची टिक काढावी लागते, कंपाइल केल्यावर ऑफसेटचा रकाना दिसतो, आणि सीपीयूच्या प्रोटेक्शनमध्ये पुट/गेटला (बाहेरच्या उपकरणाने थेट वाचण्या-लिहिण्याला) परवानगी द्यावी लागते. एकदा टिक काढली की बाइटचं गणित परत तुमच्या गळ्यात: डीबीडब्ल्यू० नंतर डीबीडब्ल्यू२, डीबीडी४, असं. मधे एक बूल घुसवलात तर पुढचे सगळे ऑफसेट सरकतात आणि स्काडा शेजारचा डेटा वाचतो. म्हणून बाहेर द्यायचा डेटा वेगळ्या डीबीत, नवीन टॅग नेहमी शेवटी, आणि मधे पाच-दहा वर्ड मोकळे सोडलेले बरे.

इनपुटलाही हाच नियम. १२१४सी वरचे दोन अ‍ॅनालॉग आयडब्ल्यू६४ आणि आयडब्ल्यू६६. आयडब्ल्यू६५ असा काही चॅनेल नाही. लिहिलात तर कंपाइल होईल, पण पहिल्याचा खालचा बाइट आणि दुसऱ्याचा वरचा बाइट एकत्र वाचाल. ० ते १० व्होल्ट म्हणजे ० ते २७६४८. पहिलं अ‍ॅनालॉग मॉड्यूल जोडलंत तर ते डीफॉल्टने आयडब्ल्यू९६, ९८, १००, १०२ घेतं. पण पाठांतरावर जाऊ नका, डिव्हाइस व्ह्यूमध्ये आय/ओ अ‍ॅड्रेस बघा, कुणीतरी बदललेले असू शकतात.

---

मॉडबस_४०००१

विषय निघालाच आहे तर डेल्टाचा पीएलसी वापरणाऱ्यांसाठी, कारण आपल्याकडच्या छोट्या मशिनांवर तो ढिगाने असतो. त्याच्या डीव्हीपी मध्ये एक्स (इनपुट) आणि वाय (आउटपुट) एफएक्ससारखेच ऑक्टल: एक्स७ नंतर एक्स१०. एक्स८, एक्स९ नसतातच. सोळा इनपुटचा सीपीयू असेल तर शेवटचा एक्स१७. वायरिंगच्या ड्रॉइंगमध्ये एक्स८ लिहिलेला दिसला की ते ड्रॉइंग कुणी एक्सेलमध्ये खाली ओढून भरलंय हे ओळखावं. डी आणि एम मात्र दशमान.

मॉडबसवरून (उपकरणांमधल्या संवादाचा प्रोटोकॉल) वाचायचं तर एम० चा पत्ता ०८०० हेक्स आणि डी० चा १००० हेक्स, म्हणजे ४०९६. डी१०० हवा असेल तर ४०९६ + १०० = ४१९६. काही सॉफ्टवेअर शून्यापासून मोजतं, तिथे ४१९६ टाका. काही ४ लावून एकापासून मोजतं, तिथे ४०४१९७. चुकीचं घेतलंत तर डी९९ किंवा डी१०१ येतो, आणि दोन्हीत शून्य असेल तर कम्युनिकेशनच बंद आहे असं वाटतं. ओळखायची युक्ती: डी९९, डी१००, डी१०१ मध्ये ११, २२, ३३ टाकून ठेवा आणि पलीकडे काय दिसतं ते बघा.

३२ बिटला डेल्टा आणि एफएक्स दोन्ही खालचा वर्ड आधी ठेवतात. डी१० मध्ये डबल मूव्हने १००००० टाका: डी१० मध्ये −३१०७२ (खरा आकडा ३४४६४), डी११ मध्ये १. सीमेन्समध्ये एमडी१० ला तेच टाकलं तर एमडब्ल्यू१० मध्ये १ आणि एमडब्ल्यू१२ मध्ये −३१०७२. म्हणजे @नवा_लॅडर, तुमच्या एफएक्सच्या प्रोग्राममध्ये डी१०, डी११ शेजारी चालले ते दोन्ही १६ बिट होते म्हणून. डी१० ला ३२ बिट केलात असता तर तिथेही हीच गत.

आणि एस७-१२०० ला मॉडबस टीसीपी सर्व्हर करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. होल्डिंग रजिस्टर (१६ बिटचे आकडे) तुम्ही दिलेल्या डीबीत जातात, पण कॉइल (एकेक बिट) थेट आउटपुटच्या प्रोसेस इमेजवर. समोरच्याने कॉइल १ ऑन केली की क्यू०.० ऑन. मधे तुमचं इंटरलॉक नाही. बाहेरून येणारी प्रत्येक कमांड होल्डिंग रजिस्टरमध्ये घ्या, तिथून लॅडरमध्ये तपासूनच आउटपुटवर न्या.

---

नवा_लॅडर

सगळ्यांचे आभार. असाइनमेंट लिस्टमध्ये एमबी११ आणि एमबी१२ वर दोन-दोन खुणा स्पष्ट दिसल्या. सगळं डीबीत नेलं, क्लॉक एमबी१००० वर. पहिली तिन्ही लक्षणं गेली, पॉवर बंद-चालू करून काउंटही टिकला.

आता याच पॅनलमध्ये आरएस४८५ वर एनर्जी मीटर आहे. मॉडबस_मास्टरने दोन रजिस्टर वाचतो, डन बिट येतो, एरर नाही. मॅन्युअलमध्ये फ्लोट लिहिलंय. पण व्होल्टेज ०.० दिसतं. मीटरच्या डिस्प्लेवर २३० आहे.

---

मॉडबस_४०००१

आधी रिअल म्हणून बघणं बंद करा. वॉच टेबलमध्ये कच्चे दोन वर्ड हेक्समध्ये बघा. २३०.० हा फ्लोटमध्ये ४३६६ ०००० असा असतो. तुम्हाला बहुधा ०००० ४३६६ दिसेल. तो रिअल म्हणून वाचला तर २.४ गुणिले दहाचा उणे एक्केचाळिसावा घात, म्हणजे डिस्प्लेवर ०.०.

याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही दिसायला सारखीच, म्हणून लोक भलतंच दुरुस्त करतात:

एक, मीटर खालचा वर्ड आधी पाठवतोय.
दोन, तुम्ही एक रजिस्टर पुढे वाचताय: पहिल्या व्होल्टेजचा दुसरा वर्ड आणि पुढच्या फेजच्या व्होल्टेजचा पहिला वर्ड. तिन्ही फेज २३० च्या आसपास असल्याने दुसरा वर्ड ४३६६ च येतो!

निवाडा असा करा: सुरुवातीचा अ‍ॅड्रेस एकाने कमी करून दोनच रजिस्टर वाचा. ४३६६ ०००० असं सरळ आलं तर अ‍ॅड्रेस एकने चुकला होता, वर्ड उलटायची गरज नाही. तिथे भलतंच काही आलं किंवा मीटरने चुकीच्या पत्त्याचा एक्सेप्शन दिला तर मूळ अ‍ॅड्रेस बरोबर, वर्ड उलटे आहेत.

उलटे असतील तर: नॉन-ऑप्टिमाइज्ड डीबी घ्या, ऑफसेट ० वर एक डीवर्ड टॅग ठेवा, आणि मॉडबस_मास्टरच्या डेटा पॉइंटरला त्या डीबीचे बाइट ० पासूनचे दोन वर्ड द्या. मग त्या डीवर्डला आरओएल (बिट डावीकडे फिरवणारी सूचना) मध्ये १६ बिट फिरवा. स्वॅप वापरू नका. डीवर्डवर तो चारही बाइट उलटे करतो, तुम्हाला फक्त वर्डची अदलाबदल हवी आहे.

शेवटी डीवर्डचा रिअल करताना एससीएल (मजकुरातली प्रोग्रामिंग भाषा) मध्ये डीवर्ड_टू_रिअल घ्या, तो बिट जसेच्या तसे नेतो. मधे डीइंट आणलात तर कन्व्हर्ट आकड्याचंच रूपांतर करेल आणि २३० च्या जागी १.१३ गुणिले दहाचा नववा घात दिसेल (११३०७५८१४४). हा आकडा एचएमआयवर दिसला की वायर तपासायला जाऊ नका, टाइप तपासा.

---

नवा_लॅडर

एक कमी करून वाचलं: ४३६६ ८०००. म्हणजे २३०.५, अ‍ॅड्रेसच एकने पुढे होता. मीटरच्या मॅन्युअलमध्ये पत्ते शून्यापासून दिलेत, आणि मी ४०००१ मध्ये तो पत्ता मिळवून वर आणखी एक वाढवला होता. आरओएल काढून टाकला. टेबल शून्यापासून असेल तर पत्ता अधिक ४०००१, एवढंच ना?

---

मॉडबस_४०००१

हो, फंक्शन ०३ (होल्डिंग रजिस्टर वाचणं) असेल तर. मॅन्युअलमध्ये इनपुट रजिस्टर, फंक्शन ०४ लिहिलं असेल तर ३०००१ अधिक पत्ता. ती ओळ पुन्हा नीट वाचा. बऱ्याच मीटरमध्ये मोजमाप ०४ वर आणि सीटी रेशोसारखी (करंट ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर) सेटिंग ०३ वर असते.